चहा प्यायला बदली

त्या रविवारी शालिग्रामचा दिवस पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी सुरू झाला. गजर लावलेला नव्हता. एकतीस वर्षं कापडाच्या लूमवर सकाळची पाळी केलेल्या माणसाला गजर लागत नाही. उठला, जाऊन आला, वजनकाट्यावर उभा राहिला. एकसष्ट किलो चारशे. काल होतं तेवढंच. मग त्याने दिवसाचं पहिलं पाणी घेतलं. चाळीस मिलिलिटर. मापाने.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या पायांवर सूज आली, चपलेचा पट्टा लागेना. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, "काका, किडन्या थकल्यात. आता दिवसाला एक लिटर. पाणी, चहा, डाळ, ताक, गोळी गिळायचं पाणी, सगळं धरून."

शालिग्रामने विचारलं, "एक लिटर म्हणजे बरोबर एक लिटर, की जवळपास?"

बाई हसून म्हणाल्या, "बरोबर."

तिथे त्या फसल्या. पुढच्या वेळी हा माणूस नव्वद दिवसांचा मिलिलिटरचा हिशेब लिहून घेऊन गेला आणि त्यांना तो पूर्ण वाचायला लावला. बाहेर सतरा पेशंट थांबले होते.

त्याची पद्धत साधी होती. सकाळी एक लिटरची बाटली काठोकाठ भरायची. दिवसभराचं पाणी त्यातूनच. चहा घेतला तर जेवढा घेतला तेवढं पाणी बाटलीतून मोजून तुळशीला घालायचं. डाळ खाल्ली तर डाळीचं. बाटली संपली की दिवस संपला. सुरतेतल्या नवागामातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात दारापुढची तुळस कमरेच्या वर गेली. त्याची बायको मंगलाबाई म्हणायची, "घरात किडन्या धड असतील तर त्या तुळशीच्या."

तहान फार लागली तर गुळणी करायची, गिळायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. शालिग्रामने पहिल्या दिवशी पन्नास मिलि तोंडात घेतलं, मापात थुंकलं आणि डोळ्यासमोर धरलं. सेहेचाळीस भरलं.

"चार कुठे गेले?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? तोंड तुमचं."

त्याने चार मिलि तुळशीला घातले.

भाजीचंही तसंच. चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात उकळायची, तेही ओतून द्यायचं. मंगलाबाई मोरीशी उभी राहून म्हणायची, "चव चालली बघा. घ्या निरोप." मिठाचा डबा वरच्या फळीवर गेला. पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी बंद. केळी बंद, नारळपाणी बंद. एकदा शेजारणीच्या सांगण्यावरून मंगलाबाईने कमी सोडियमचं महाग मीठ आणलं. हर्षदाने पाकिटावरचं वाचलं आणि ते तसंच कचऱ्यात टाकलं. "यात पोटॅशियम आहे, मम्मी. पप्पांना हे जास्त वाईट."

हर्षदा त्यांची मुलगी. वय चोवीस. एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करायची. तिथेच तिला कुंदन भेटला. तो इच्छापोरच्या एका कारखान्यात फिटर. नोकरीला लागताना तपासणीसाठी आला. महिन्याने पुन्हा आला, काही दुखत नसताना. मग पुन्हा. चौथ्यांदा बाही वर करून बसला तेव्हा हर्षदा म्हणाली, "आता रक्त पुरे. घरच्यांना पाठव."

घरचे गोडादऱ्याला राहायचे. तेही खान्देशातलेच, तेही लूमवालेच. बोलणं झालं. पहिली भेट ठरली. मुलीकडच्यांनी यायचं आणि घर बघायचं.

इथे अडलं.

कुंदनची भाऊबंदकी दोन गल्ल्यांत मिळून अकरा घरांची. पाहुणा आला की त्याने अकराही घरांत बसायचं आणि अकराही घरांत चहा घ्यायचा. त्या भाऊबंदकीत कोणी तोंडाने नाही म्हणत नसे. कप बोलायचा. रिकामा कप म्हणजे पसंत. उरलेला चहा म्हणजे नापसंत. दिंडोलीच्या एका पाहुण्याने पित्तामुळे दोन घरांत चहा सोडला होता. सोयरीक मोडली. ती गोष्ट नऊ वर्षांनीही सांगितली जायची, कुठल्या घरात किती सोडला त्यासकट.

शालिग्रामने मांडून पाहिलं. पाहुण्याचा कप, काठोकाठ, एकशे वीस मिलि. अकरा घरं. तेराशे वीस. दारात हातात देतात तो पाण्याचा तांब्या वेगळाच.

"उद्याचं पाणी आज वापरा एक दिवस," मंगलाबाई म्हणाली.

"उद्याचा कापडाचा ताका आज विणता येतो का?"

"मग खरं सांगून टाका."

ते तर त्याहून अवघड. किडनीचा आजार म्हटलं की लोक पहिलं एकच विचारतात, घराण्यात आहे का? मग ते पोरीकडे बघतात. म्हणजे चहा प्यायला तर शालिग्रामचे पाय सुजणार, नाही प्यायला तर सोयरीक मोडणार, आणि खरं सांगितलं तर हर्षदावर बोट येणार. हर्षदाने कुंदनला केव्हाच सांगितलं होतं. पण कुंदनने घरी सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरात आजीचं चालायचं. तिचं नाव धुरपदाबाई. तिला आपण होऊन कोणी काही सांगत नसे. ती विचारेल तेव्हाच बोलायचे.

दोन दिवस शालिग्राम विचार करत राहिला. तिसऱ्या दिवशी कारखान्यात उत्तर सापडलं. आजारानंतर मालकाने त्याला लूमवरून काढून ताके तपासायला बसवलं होतं. विणलेल्या कापडाचा ताका उजेडात सरकवायचा, तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग शोधायचा. काम बसून होतं, म्हणून शालिग्रामला त्या पगाराची जराशी लाज वाटायची. बसून मिळालेला पैसा त्याच्या मते अर्धाच कष्टाचा. समोर एका कारागिराची रजा होती आणि त्याचे लूम दुसराच माणूस चालवत होता. बदली कामगार.

संध्याकाळी तो समोरच्या सुकदेवकडे गेला. सुकदेव त्याच्यासोबत बावीस वर्षं लूमवर होता, आता घरी बसून दिवसाला पंधरा चहा प्यायचा.

"सुकदेव, एक पाळी बदली यायचंय."

"कुठल्या कारखान्यात?"

"गोडादऱ्याला. चहा प्यायला."

सगळं ऐकून झाल्यावर सुकदेवने विचारलं, "पगार?"

"पूर्ण पाळीचा. फुकट काम मी कोणाकडून घेत नाही."

"शालिक," सुकदेव डोळे पुसत म्हणाला, "चहा पाजून वर पगार देणारा मालक सुरतेत मला आधी का नाही रे भेटला?"

दोन संध्याकाळी सराव झाला. सुकदेवने डावीकडे खेटून बसायचं. आपला कप झटकन संपवायचा. शालिग्राम खाकरला की रिकामा कप इकडे, भरलेला तिकडे. मंगलाबाई यजमानीण झाली. पहिल्या दिवशी तिने सहाच्या सहा वेळा पकडलं. दुसऱ्या दिवशी सहापैकी एकदा.

"पुन्हा," शालिग्राम म्हणाला.

"पाच वेळा जमलं की," सुकदेव म्हणाला.

"सहाव्याला काय सांगणार आहेस त्यांना?"

हर्षदा दारात उभी राहून बघत होती. "पप्पा, सरळ सांगा ना."

"लग्न ठरू दे. मग सांगतो."

"मग फसवलं म्हणतील."

शालिग्रामने तिच्याकडे पाहिलं नाही. "पुन्हा," तो सुकदेवला म्हणाला.

रविवारी नऊला तिघं गोडादऱ्याला पोचले. शालिग्राम, मंगलाबाई आणि बदली. शालिग्रामच्या पिशवीत बाटली होती.

पहिलं घर कुंदनचं. वडील धर्मेंद्र, आई उषाबाई. पाण्याचा तांब्या शालिग्रामने ओठाला लावून खाली ठेवला. चहा आला. शालिग्राम खाकरला. कप गेला, कप आला. उषाबाईने रिकामा कप पाहिला आणि तिचा चेहरा खुलला.

दुसऱ्या घरात सुकदेवने आल्याचं कौतुक केलं. तिसऱ्यात वेलचीचं. चौथ्या घरात चहा सगळा दुधाचा, वर साय. सुकदेवने कौतुक केलं नाही. पाचव्या घरातली वहिनी हौशी. सुकदेवचा कप तिच्या डोळ्यांदेखत रिकामा झाला तशी ती किटली घेऊन धावली. "आबांना आवडला! घ्या, घ्या, लाजू नका!" सुकदेवने एक घेतला, शालिग्रामचा घेतला, वाढलेला घेतला, आणि वाढलेल्यावर वाढलेला घेतला.

बाहेर गल्लीत तो हळूच म्हणाला, "शालिक, जेवणाची सुट्टी कधी आहे?"

"सहा घरं राहिलीत."

"मी चहा सोडतो. आजपासून."

"संध्याकाळी सोड."

सहाव्या घरात सुकदेवचा उजवा पाय लूमसारखा चालायला लागला. मंगलाबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती. कोपऱ्यात दोन म्हातारे बसले होते. सकाळपासून ते प्रत्येक घरात मागोमाग येत होते आणि त्यांची नजर साधी नव्हती. अदलाबदल त्यांनी पाहिली होती. पण अर्थ वेगळाच लावला. आपल्या पुढ्यातला कप आपल्या हाताने माणूस कोणाला देतो? आपल्यापेक्षा मोठ्याला. म्हणजे ते डावीकडचे बारीक गृहस्थ हेच मुलीकडचे कर्ते. इतका वेळ आपण भलत्याच माणसाशी बोलतोय.

म्हाताऱ्यांनी ही बातमी पुढच्या घरी पोचवली.

सातव्या घरात आख्खी भाऊबंदकी जमली होती. आत शिरल्याबरोबर दोघांनी सुकदेवच्या दंडाला धरून त्याला हातांच्या खुर्चीत बसवलं. डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, कपाळाला कुंकू लावलं. शालिग्रामला पलीकडच्या भिंतीजवळ, पलंगाच्या टोकाला जागा मिळाली. दोघांत आठ-नऊ फुटांचं अंतर आणि मध्ये बारा माणसं. चहा आला. शालिग्राम खाकरला. सुकदेवने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू नदीच्या दुसऱ्या काठावरून पाहतोय.

शालिग्राम पुन्हा खाकरला. कोणीतरी त्याच्या हातात खोकल्याची गोळी ठेवली.

धर्मेंद्र आदराने सुकदेवसमोर वाकून बसला. "बोला आबा. साखरपुडा कधी धरायचा?"

सुकदेवच्या पोटात तेव्हा चौदा कप चहा होता. त्याच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर आलं होतं.

"आज!" तो म्हणाला. "आत्ताच उरका! जेवढं लवकर होईल तेवढं बरं. संडास कुठे आहे?"

आणि तो टोपीटॉवेलासकट पळाला.

मग कोणीतरी हळूच म्हणालं, "एवढी घाई?" दुसरा म्हणाला, "आज म्हणे." तिसऱ्याने फक्त कप खाली ठेवला. शालिग्रामला ते ऐकू आलं.

कोपऱ्यातल्या खाटेवर धुरपदाबाई येऊन बसली होती. वय ऐंशी, तोंडात तंबाखूची गोळी. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली. ती घरात अहिराणीच बोलायची आणि बाहेरही.

"इतली घाई कसाले रे भाऊ? तुन्ही पोरमा काही खोट शे का?"

कुंदन उभा राहिला. "आजी, ते असं आहे..."

"तू बठ."

तो बसला. सगळे शालिग्रामकडे बघत होते. त्याच्या हातात कप होता. एकशे वीस मिलि. पिशवीतली बाटली सकाळपासून जेमतेम शंभरने उतरली होती. पिता आला असता. एका घोटात कप रिकामा करून, "घाई कसली, तो गमत्या माणूस आहे," म्हटलं असतं तर आजचा दिवस निभावला असता.

पण शालिग्राम ताके तपासणारा माणूस. लबाड कारागीर खोट असलेली जागा घडी करून आत दुमडतो. ती घडी उघडून बघण्याचाच शालिग्रामला पगार मिळायचा. आणि सकाळपासून सहा घरांत तो स्वतः घडी दुमडत आला होता. दोन संध्याकाळी सराव करून.

त्याने भरलेला कप खाली ठेवला. बशीचा आवाज झाला. उषाबाईने छातीवर हात ठेवला.

"पोरीत खोट नाही," तो म्हणाला. "माझ्यात आहे. माझ्या किडन्या कमी काम करतात. दिवसाला एक लिटरच पितो. अकरा घरांचा चहा मला झेपत नाही."

त्याने पिशवीतून बाटली काढून धुरपदाबाईच्या पुढे ठेवली. तिच्यावरच्या मापाच्या रेघा दाखवल्या. वजन सांगितलं. भाजी दोनदा उकळतात तेही सांगितलं. गुळणीचंही सांगितलं. बायका ऐकत राहिल्या. पुरुष बाटलीकडे बघत राहिले.

"मंग," धुरपदाबाई म्हणाली, "तो जो पयना, तो कोन?"

"बदली."

"कसाना बदली?"

"चहा प्यायचा. पगारी आहे."

पहिली मंगलाबाई फुटली. सकाळपासून कोंडलेलं हसू तिला आवरेना. मग पाचव्या घरातली वहिनी कपाळाला हात लावत म्हणाली, "अगं बाई, मी त्या माणसाला चार पाजले!" मग सगळेच हसले. धुरपदाबाई सोडून.

"तुन्ही पोरले बी शे का हाई दुखणं?"

"नाही. हे गोळ्यांनी झालं. खांदा दुखायचा. सुताचे बीम उचलून उचलून कोणाचा दुखत नाही? मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणायचो. रोज दोन. अकरा वर्षं. वर बीपी होता, तो कधी मोजला नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा कळलं."

धर्मेंद्रचा धाकटा भाऊ मागून म्हणाला, "तोंडाने काय, कोणीही सांगेल. मुलीचा रिपोर्ट दाखवा."

शालिग्रामचे कान लाल झाले. तो उठून उभा राहिला.

"दाखवतो. पोरीची तपासणी करतो. पण ताका मी एका टोकाने तपासून सोडून देत नाही. मुलाचीही होईल. आणि या खोलीत जो जो दुखण्याची गोळी खातो, त्याचीही. कोण कोण खातो? हात वर करा."

कोणी हात वर केला नाही.

मग उषाबाई शांतपणे उठली, नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची डबी काढली आणि उघडून सगळ्यांसमोर धरली. तंबाखूशेजारी गोळ्यांची पट्टी होती. दहापैकी तीन उरल्या होत्या.

"ही परवा आणलीय," ती म्हणाली.

धर्मेंद्रने हात वर केला. त्याचं बघून शेजारच्याने केला. मग त्या दोन म्हाताऱ्यांनी. मग मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाने, अर्धाच, डोकं खाजवल्यासारखा. सगळे मिळून सतरा हात झाले. त्या घरांत सगळे लूमचेच, आणि सगळ्यांचे खांदे सारखेच.

धुरपदाबाईने हात मोजले. "समदा तपासा," ती म्हणाली. "मंग बोलू."

तेवढ्यात सुकदेव आत आला. चेहरा शांत, टोपी सरळ. तो पुन्हा खुर्चीत बसला, शालिग्रामकडे बघून खाकरला आणि म्हणाला, "हं. आठवं घर कुठलं?"

चार घरं तशीच सोडायला धुरपदाबाई तयार नव्हती. तिने तोड काढली. प्रत्येक घरात शालिग्रामने बाटलीच्या झाकणाने एक झाकण चहा घ्यायचा, बाकीचा बदलीने. पाळी अर्धी सोडायची नाही. शालिग्रामला ते एकदम पटलं. सुकदेवने दहाव्या घरात हात जोडले आणि आपल्यालाही बदली मागितला. कोणी दिला नाही. घरी परतल्यावर शालिग्रामने त्याला चहाच्या वेळेलाच पगार दिला. सुकदेवने तो लिंबू चोखत घेतला.

पुढच्या रविवारी हर्षदाच्या लॅबसमोर रांग लागली. गोळ्या खाणारे सतरा, अधिक कुंदन, अधिक हर्षदा स्वतः. प्रत्येकाच्या हातात लघवीची छोटी बाटली. शालिग्राम रांगेच्या कडेने फिरून प्रत्येक बाटलीवरचं नाव तपासत होता. दोघांच्या बाटल्यांवर नावच नव्हतं. त्याने त्यांना परत पाठवलं.

"अहो, तीच आहे, माझीच आहे," त्यातला एक म्हणाला.

"कशावरून?"

तो पुन्हा संडासाच्या रांगेत गेला.

धुरपदाबाई काठी टेकत आली होती. तिचं नाव यादीत नव्हतं. ती कधी गोळी खात नसे. पण ती हर्षदाच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसली आणि होणारी नात-सून होणाऱ्या सासऱ्याला सुई कशी टोचते ते तिने पूर्ण पाहिलं. धर्मेंद्रने डोळे मिटले होते. हर्षदाने त्याचं रक्त घेतलं, कापूस दाबला आणि मग दंडाला पट्टा बांधून बीपी मोजला. एकशे बहात्तर. तिने पुन्हा मोजला. एकशे सत्तर.

"बाबा, तुम्ही आजच डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली. "त्या गोळ्या इथे ठेवा. डबीही द्या."

धर्मेंद्रने डबी दिली. घरात ती त्याच्याकडून कोणाला कायमची काढून घेता आली नव्हती.

संध्याकाळी रिपोर्ट आले. हर्षदाचं सगळं नीट. कुंदनचंही नीट, त्याचं तर चौथ्यांदा. धर्मेंद्रच्या लघवीत प्रथिनं निघाली, धाकट्या भावाच्याही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आता मीठ कमी करा. त्याच रात्री जेवणाआधी उषाबाईचा मंगलाबाईला फोन आला. "विहीणबाई, ती भाजी दोनदा उकळायची म्हणता, ती कशी?"

"आधी डॉक्टरांना विचारा, तुमच्यासाठी लागते का," मंगलाबाई म्हणाली. "आमचे एवढे वाया गेलेत म्हणून उकळते."

पण उषाबाईने विहीण म्हटलं होतं. ते मंगलाबाईने दोनदा सांगितलं.

धुरपदाबाईचा निकाल तर लॅबच्या पायरीवरच झाला होता. रिपोर्ट यायच्या आधीच. ती शालिग्रामला म्हणाली, "भाऊ, साखरपुडाना दिवस धर. पोरना रिपोर्ट तू वाच, माले काही समजत नही. तू नाव नही ते बाटली परत धाडी देस. अशा घरनी पोर माले चाली."

लॅबवाल्याने बिल पुढे केलं तेव्हा धर्मेंद्रने खिशात हात घातला. शालिग्रामने तो हात धरून खाली केला.

"हात वर करा मी म्हटलं होतं," तो म्हणाला. "बिल माझं."

पंधरवड्याचा पगार आदल्याच दिवशी झाला होता. ट्यूबलाइटखाली बसून, ताक्यावर ताका सरकवून, डोळे चुरचुरेपर्यंत तपासून मिळवलेला. शालिग्रामने तो काउंटरवर ठेवला. सगळा गेला. त्यात एकोणीस माणसांचं रक्त आणि एकोणीस बाटल्या लघवी आली, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं.